बोरबदली

हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत रविवारी कारखाने बंद असत, ट्रक नसत, आणि फाटकापासून पुलियापर्यंतचा, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलापर्यंतचा, सरळ रस्ता आमच्या ताब्यात असे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दोन मोटरसायकली शेजारी उभ्या करायच्या, प्लांटच्या, म्हणजे जवळच्या मोठ्या कारखान्याच्या, मशीन शॉपमधले एक काकाजी गमछा खाली पाडणार, आणि पुलिया आधी गाठेल तो जिंकला. एवढा सोपा खेळ. पण प्लांटमधली माणसं सोपा खेळ सोपा राहू देतील तर शपथ. नियम एकच होता: शंभर सीसीचं इंजिन कंपनीतून आलं तसंच पाहिजे. भांडणंही त्या एकाच नियमावरून. जो हरे त्याला समोरच्याच्या इंजिनात चोरी दिसायची.

सुरुवातीला इंजिन उघडून मोजत. प्रत्येकाच्या घरून मापाचं व्हर्नियर यायचं, प्रत्येकाचं माप वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच खरं. एकदा त्या व्हर्नियरनंच डोकी फुटायची वेळ आली. मग काकाजींनी मोजणं बंद केलं आणि बोरबदली काढली. बोर म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत सिलिंडर आणि त्यातला पिस्टन. हरलेल्याला संशय असेल तर त्यानं जिंकलेल्याचा बोर मागायचा आणि आपला त्याला द्यायचा. नाही म्हणायची सोय नाही. खोलायची-बसवायची मेहनत मागणाऱ्याची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. कानस मारून बनवलेला बोर दुसऱ्याच्या घशात जाणार म्हटल्यावर चोरी कोण करेल, असा काकाजींचा हिशोब. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि त्याची चीड मला अजून येते.

माझ्याखालची गाडी बाबांची. ते प्लांटमध्ये फिटर, त्याच गाडीवर पाळीला जायचे. रविवारी द्यायचे ती एका अटीवर. "पळव किती पळवाची ते. इंजिनाले हात नको लावू." मी लावला नाही. गाडी नवी असताना त्यांनी ती इतकी जपून चालवली होती की लावायची गरजच नव्हती.

आणि मग तो. एका ऑफिसरचा मुलगा. घर आमच्यासारखंच विदर्भातलं, पण रस्त्यावर मराठी बोलायची त्याला लाज. मला तो पहिल्यापासून आवडत नव्हता. इस्त्रीची पॅन्ट घालून रेसला येणाऱ्या माणसावर मी आजही विश्वास ठेवत नाही. त्या रविवारी मी त्याला सरळ हरवलं. तो गाडीवरून उतरला, घामसुद्धा पुसला नाही, आणि म्हणाला, "बोर बदली करेंगे."

मी छाती काढून उभा राहिलो. घे म्हटलं, स्वच्छ आहे. रस्त्याच्या कडेला चादर पसरून त्यानं दोन्ही गाड्या खोलल्या, माझा बोर आपल्या गाडीला बसवला, आपला माझ्या. नियमाप्रमाणे मी हात लावला नाही. नियमाप्रमाणे मी मूर्खासारखा आभाळाकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाबा पाळीवरून आले ते तणतणतच. "गाडी ओढून नाही राहिली. काय केलं बे तू?" मी सगळं सांगितलं. त्यांनी सायलेन्सर काढला आणि धूर बाहेर पडायच्या भोकात डोकावले. भोक वरच्या बाजूनं कानशीनं खाऊन टाकलेलं. जोर वाढवायच्या हावेपायी त्यानं इतकं घासलं होतं की गाडीचा उठावच, पिकअपच, गेला होता. स्वतःचा बोर त्यानं स्वतः नासवला, आणि आमचा चांगला बोर, चारचौघांसमोर, माझ्याच संमतीनं घेऊन गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबा शांत होते. "आपला बोर वापस आन," एवढंच म्हणाले.

पण आणायचा कसा? बदली हरलेल्यानंच मागायची. म्हणजे मला त्याच्याशी हरायला हवं होतं.

पुढच्या रविवारी बाबांची सुट्टी होती, तेही आले. मी त्याला आव्हान दिलं. गमछा पडला आणि मी क्लच अर्धवट सोडून रांगत निघालो. दोन खांब ओलांडेपर्यंत त्याच्या लक्षात आलं. त्यानंही ब्रेक मारला. मग जी रेस झाली तशी त्या रस्त्यावर कोणी पाहिली नसेल. दोघंही पाय टेकवत, एकमेकांना आई-बहिणीवरून शिव्या देत, पुलियाकडे सरकतो आहोत आणि कोणालाच पोचायचं नाही. इंजिनं तापून वास यायला लागला. माणसं आधी हसली, मग चिडली. कोणीतरी ओरडलं, "अरे, इसकी गाड़ी में दम नहीं है क्या?" दुसरा म्हणाला, "डर गया!" ते त्याला सहन झालं नाही. त्यानं मूठ पिळली आणि बाणासारखा गेला. तो उठाव आमच्या बोरचा होता. आमची गाडी चांगली होती, पण अशी कधीच पळाली नव्हती.

"बदली," मी म्हणालो. इंजिन थंड व्हायची वाट न पाहता, बोटं भाजत, मी दोन्ही गाड्यांचे बोर काढले. त्याच्या गाडीतला आमचाच होता. आणि आता त्या बोरचंही भोक घासलेलं. या वेळी बेतानं, पॉलिश मारून, मागच्या चुकीवरून शिकून.

मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. काकाजींनी दोन्ही बोर चादरीवर शेजारी मांडून घेतले आणि बघितले.

"दोन्ही घासले हायेत," ते म्हणाले. "एक तर तुया गाडीतूनच निंगाला आता."

"तो यानंच मले देला होता!"

"अन् दुसरा?"

"आमचा होय. पन यानं घासला."

"दुसरा मागच्या रविवारपर्यंत तुयाच गाडीत होता, म्हनजे दोन्ही तुयाकडं होते. अन् फिटरचं घर तुयं. याच्या घरी कानस कोन धरते?"

तो इस्त्रीची पॅन्ट झटकत उभा होता. त्याला बोलायची गरजच नव्हती. काकाजींनी मला त्या रस्त्यावरून कायमचं काढलं, आणि कोणी हूं की चूं केलं नाही. त्या माणसांचं तोंड पुन्हा पाहायची इच्छा मला कधी झाली नाही.

मी बाबांकडे वळलो. त्यांनी ते पहिलं भोक घरी स्वतः पाहिलं होतं, सगळी हकीकत मी त्यांना त्याच दिवशी सांगितली होती. ते उकिडवे बसले. आमचा बोर उचलून त्यांनी घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. काम सफाईचं होतं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी हळूच विचारलं, "माया कानशीनं केलं का?"