सरदारची मोडलेली सोयरीक

माणसांच्या सोयरिकी मोडताना पुष्कळ पाहिल्या. पण कुत्र्याची सोयरीक मोडायला मानाचा टोपी-दुपट्टा घेऊन निघालेला माणूस मी एकच पाहिला. आमच्या अंजनगावचा खुशालराव. पानमळा करतो. खोटं बोलणं त्याला जमतच नाही. पोरगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना त्यानं आधीच सांगून टाकलं होतं, चहा पोरीच्या हातचा आहे, जपून प्या. तरी तिचं लग्न झालं, ही देवाची कृपा.

त्याचा डॉबरमन सरदार. अचलपूरच्या चिंतामण वकिलांच्या बेबीशी त्याचं जमवलेलं. वकिलांच्या मंडळी विमलताईंनी होणारी पिल्लं आधीच नात्यागोत्यात वाटून टाकली होती. अन् नेमकं सरदारचं नख कापताना जरा आत लागलं. रक्त थांबता थांबेना. हळद झाली, चुना झाला. शेवटी पायाला टॉवेल गुंडाळून त्याला अमरावतीला नेलं. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, मग सांगितलं की याचं रक्त नीट गोठत नाही. खोट आईबापाकडून आलेली, पिल्लांतही उतरेल. याची जोडी लावू नका.

हे फोनवर सांगायचं नाही, सोयरीक आहे, असं म्हणत खुशालरावानं मलाही सोबत एसटीत बसवलं.

वकिलांकडे पोहे झाले, चहा झाला. बेबी मधोमध सतरंजीवर, कपाळाला कुंकू. खुशालरावानं दुपट्टा पुढे ठेवून सगळं सांगितलं. वकिलांनी चष्मा पुसला.

"स्पष्ट बोला खुशालराव. आमच्या बेबीत काय कमी दिसली?"

रक्त थांबत नाही ही सबब त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. कोणता पाय, कोणतं नख, साक्षीदार कोण? साक्षीदार मी. पण मी तर मुलाकडचा. विमलताई आतून म्हणाल्या की बेबीचा रंग काळा पडला म्हणूनच असेल. वकिलांनी निकालच दिला: ठरलं ते ठरलं, उद्या बेबीला घेऊन येतो.

खुशालरावानं हात जोडले. "साहेब, खेळता खेळता दात लागला तरी पिल्लू मरन. माया हातानं हे नाई होनार."

कोणी ऐकेना. बोलणं चालू राहावं म्हणून मी सवयीनं विचारलं, "पोरीचं मामकूळ कोणतं?"

"अकोल्याची ती. फॉरेस्टरसाहेबांच्या चांदणीची लेक. फाटक्या कानाची होती बघा," वकील म्हणाले.

खुशालराव उभाच राहिला. "चांदनी तं आमच्या सरदारची माय."

रक्ताच्या पाटाला न हललेले वकील खुर्चीतून उठले. "म्हणजे सख्खे बहीणभाऊ? राम राम. असं लग्न आमच्याकडे होत नाही." विमलताईंनी बेबीचं कुंकू पदरानं पुसून टाकलं. सोयरीक चहाचे रिकामे कप उचलायच्या आत मोडली, तीही मानानं.

खुशालराव मात्र बसेना. "मंग हिचंबी रक्त तपासा."

तपासलं. तिच्यातही तीच खोट निघाली. त्या दिवसापासून वकील त्याच्याशी अदबीनं बोलतात.

राखीला विमलताई बेबीला घेऊन अंजनगावला आल्या. सरदारच्या बऱ्या झालेल्या पायाला राखी बांधली, पेढा भरवला. अचलपूरला पिल्लू मागायला येणाऱ्या नातलगांना त्या आता दारातूनच परत पाठवत होत्या, भाऊबहीण आहेत म्हणून. संध्याकाळी राखीची गाठ काही सुटेना. कुत्र्याजवळ कात्री आणायची खुशालरावानं घरात सगळ्यांना बंदी घातली होती. तो जमिनीवर पालथा पडला, अन् सरदारच्या पायाची गाठ दातांनी हळूहळू सोडत राहिला.