न उचललेल्या कॉलची तक्रार

सरकारी नमुन्यात सगळ्यात शेवटी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना असतो. त्यात जेमतेम दीड ओळ मावते. आमच्या ऑफिसात जे त्या दीड ओळीत मावलं नाही, त्याचे किस्से झाले. आठ वर्षांत इतके साठले की आम्ही जुने सहकारी भेटलो की चहा येण्याआधीच सुरू होतात. काही हसून सांगतो. सगळे नाही.

मी तेव्हा एका फोन कंपनीच्या नाशिक ऑफिसात होते. द्वारका चौकात, दुसऱ्या मजल्यावर. चौकातल्या हॉर्नमुळे खिडकी लावल्याशिवाय समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. दोन हजारचं दशक अर्ध्याच्या पुढे गेलं होतं आणि लोकांना मशीनचे फोन यायला लागले होते. उचलला की आतली रेकॉर्ड केलेली बाई म्हणायची, प्लॉट घ्या, विमा घ्या! हे थांबवायला दिल्लीहून नियम निघाला. ज्यांना असे फोन नकोत त्यांची यादी करा, तक्रारी नोंदवा, दर महिन्याला तीन प्रतींत अहवाल पाठवा. त्या कागदांसाठी कंपनीने तीन माणसं बसवली.

आमचे प्रमुख पगारे साहेब. देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेले फौजी कारकून. नमुन्याबाहेर एक शब्द लिहायचे नाहीत आणि खोटा तर अर्धाही नाही. दुसरे नाझिमभाई, पत्ते पडताळायला मोटरसायकलवर जिल्हाभर हिंडणारे. तिसरी मी, रजिस्टर सांभाळणारी.

*

पहिल्या महिन्यात एकही तक्रार आली नाही. साहेबांनी अहवालात 'निरंक' लिहिलं. आठवड्याने कागद परत. 'निरंक असल्याचे कारण नमूद करावे.'

साहेबांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, 'असा नियम झाला आहे हे लोकांना माहीत नाही.'

पुण्याच्या मुख्य ऑफिसातून लगेच फोन. "पगारे, असं लिहितात का हो दिल्लीला? 'आमची सेवा उत्तम' असं काहीतरी लिहायचं!"

"साहेब, कारण विचारलं होतं," पगारे साहेब म्हणाले, "ते लिहिलं."

*

यादीत नाव लागण्यासाठी फॉर्म भरून पुरत नसे. मागाहून खात्रीचा फोन जायचा. 'आपण नाव नोंदवले आहे, खात्रीसाठी एक दाबा.' आणि हा फोन कोण करायचं? मशीन!

गंगापूर रोडचे एक निवृत्त मुख्याध्यापक तिसऱ्यांदा फॉर्म घेऊन आले. दोन्ही वेळा त्यांनी मशीनचा आवाज ऐकताच फोन आपटला होता, आणि दोन्ही वेळा नाव रद्द झालं होतं. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. "सर, इथेच बसा. फोन आत्ताच येईल. फक्त एक दाबायचं."

आम्ही तिघं त्यांच्याभोवती उभे. फोन वाजला. सरांनी कानाला लावला. पलीकडून "नमस्कार" एवढं आलं आणि सरांनी फोन कट केला.

सरांनी फोन टेबलावर ठेवला. मग मला म्हणाले, "मॅडम, हात आपोआप गेला हो!"

ज्यांना सगळ्यात जास्त त्रास होता, त्यांचीच नावं यादीत लागत नव्हती. साहेबांनी हे दिल्लीला रीतसर कळवलं. उत्तर आलं, 'नोंद घेतली.'

*

मशीनने फोन करणाऱ्या प्रत्येक धंद्याची जागा बघून यायची, असाही नियम होता. नाझिमभाई एका पत्त्यावर गेले तर खोलीत एक कॉम्प्युटर, एक पंखा आणि दाराशी स्टुलावर वॉचमन. दुसरं कोणी नाही. कॉम्प्युटर एकटाच फोन लावत बसलेला. एका वेळी पन्नास-साठ नंबर. कोणी उचलला तर ठीक, नाहीतर दोन रिंग देऊन पुढे.

फॉर्मवर रकाना होता, 'जबाबदार व्यक्तीची सही'. नाझिमभाईंनी वॉचमनची सही घेतली.

पुण्याहून विचारणा झाली, "ही व्यक्ती नेमकी कशासाठी जबाबदार आहे?"

नाझिमभाईंनी खाली लिहिलं, 'कुलूप'.

*

सगळ्यात जास्त तक्रारी कोणाविरुद्ध यायच्या? आमच्याच कंपनीच्या सेल्स विभागाविरुद्ध. तो पहिल्या मजल्यावर. आमच्या बरोबर खाली.

नोटीस रजिस्टर पोस्टानेच जायला हवी होती. त्यामुळे आमची नोटीस जिना उतरून पोस्टात जायची, चार दिवस हिंडायची आणि आमच्याच इमारतीत परत यायची. शिपाई म्हणाला, "साहेब, मी खाली देऊन येतो की!" साहेबांनी नुसतं बघितलं. शिपाई पोस्टात गेला.

सेल्सचे मॅनेजर आणि पगारे साहेब रोज दुपारी एकाच टेबलावर डबा खायचे. एकदा मॅनेजरनी मेथीची भाजी पुढे करत विचारलं, "पगारे, काही पाठवलंय का माझ्यासाठी?"

"सोमवारी मिळेल," साहेब म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

*

देवळाली कॅम्पातून एक बाई आल्या. नवरा सरहद्दीवर. घरचा फोन दिवसातून दहा वेळा वाजायचा आणि दहाही वेळा मशीन. त्यांना सातवा महिना होता. उठवत नव्हतं.

मी फॉर्म भरला. सही करताना त्या थांबल्या. "यादीत नाव घातलं की ह्यांचा फोन नाही ना अडणार? ह्यांचा नंबर दर वेळी वेगळा असतो."

"नाही अडणार," मी म्हणाले.

"नक्की? लिहून द्याल?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी नियम दोनदा वाचला. मग म्हणाले, "ताई, अडणार नाही असं मला वाटतं. पण लिहून देण्याइतकं मला माहीत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग राहू द्या. मी उठेन."

त्या गेल्यावर साहेबांनी नियम पुन्हा एकदा वाचून काढला. मला त्यांचा रागच आला होता. एक ओळ लिहून द्यायला काय जात होतं?

*

आता सोमा गावित.

सुरगाण्याच्या बाजूचा माणूस. दर वर्षी पाडा सोडून पिंपळगावकडे द्राक्षबागेत छाटणीला यायचा. घरी म्हातारी आई आणि बहीण हिरा. सोमाकडे साधा मोबाईल होता, पाड्यावर कोणाकडेच नव्हता. हिरा बाजाराच्या गावी जायची आणि ज्याचा मिळेल त्याचा फोन मागून मिस्ड कॉल द्यायची. कधी दुकानदाराचा, कधी मास्तरांचा. त्यामुळे नंबर बघून काही कळायचं नाही. त्यांनी रिंगा ठरवल्या होत्या. एक रिंग म्हणजे सगळं बरं आहे. दोन म्हणजे निघून ये.

तो आमच्या ऑफिसात आला तेव्हा टोपी हातात धरून उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"दोन वाजल्या म्हनून गेलो घरी," तो म्हणाला. "आई शेंगा सोलत बसेल व्हती. मला बघून हसली. पंधरा दिसांनी परत दोन वाजल्या. परत गेलो. आई बरीच. मुकादम म्हनला, आता तिसऱ्यांदा गेलास तर येऊ नको."

"मग?"

"तिसऱ्यांदा दोन वाजल्या. मी नाय गेलो."

खिडकी लावलेली होती, तरी चौकातला हॉर्न ऐकू आला. पुढचं त्याला विचारायची गरज नव्हती. पण तो स्वतःच बोलला. तिसऱ्या दिवशी गावचा माणूस निरोप घेऊन बागेत आला. सोमा पोचला तेव्हा आईचं सगळं उरकलं होतं. बहीण त्याच्याशी बोलत नव्हती. पाड्यावर जो तो म्हणत होता, दोन रिंगा ऐकून आला नाही.

"मला पैसं नको, काय नको," सोमा म्हणाला. "आधीच्या दोन टायमाला मशीन व्हतं म्हनत्यात, येवढा कागद द्या. भनीला दाखवतो. ती म्हनती, म्या दिल्याच नाय तर वाजल्या कशा?"

मी तक्रार भरायला घेतली. 'संभाषणाचा कालावधी'. मी शून्य टाकलं. कॉम्प्युटरने फॉर्म परत केला. शून्य सेकंदांची तक्रार घेता येत नाही. कंपनीच्या दप्तरात न उचललेला कॉल नसतोच. कागदोपत्री सोमाला कधी कोणाचा फोनच आला नव्हता!

मी साहेबांना म्हणाले, "लिहून द्या ना काहीतरी. कोण विचारणार आहे?"

"मी विचारणार," साहेब म्हणाले. आणि त्यांनी सोमाला आठ दिवसांनी बोलावलं.

त्या आठ दिवसांत साहेबांनी मशीनवाल्या चार धंद्यांना नोटिसा काढल्या. लावलेल्या प्रत्येक नंबरची यादी ठेवणं त्यांना बंधनकारक होतं. तो नियम कोणी कधी वापरला नव्हता. नाझिमभाई स्वतः जाऊन याद्या घेऊन आले. आम्ही तिघं पट्टी लावून हजारो नंबर खाली उतरत गेलो. वॉचमनवाल्या खोलीच्या यादीत सोमाचा नंबर सापडला. सोमाने सांगितलेल्या पहिल्या तारखेला होता. दुसऱ्या तारखेलाही होता. मी तिसरी तारीख शोधायला लागले तेव्हा साहेबांनी पट्टी माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः शोधलं. दोनदा.

सोमा आला. साहेबांनी कंपनीच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग वाचून दाखवलं. अमुक दोन तारखांना आलेल्या रिंगा मशीनच्या होत्या. त्या ऐकून सोमा गावित दोन्ही वेळा घरी गेला, हे खरे आहे.

"तिसरी तारीख यात नाही," साहेब म्हणाले.

"म्हाईत हाय," सोमा म्हणाला. "ती तिचीच व्हती."

त्याने कागद उलटसुलट बघितला आणि परत टेबलावर ठेवला. "पन तिला वाचता येत नाय साहेब. मलाबी नाय. तुमी फोनवर वाचून दावा तिला."

बाजाराच्या गावच्या दुकानदाराला फोन लावला. त्या दिवशी बाजार होता, हिरा तिथेच होती. दुकानदाराने तिला बोलावून आणलं. साहेबांनी फोनचा स्पीकर लावला, कागद समोर धरला आणि त्यांच्या त्या सपाट, फौजी आवाजात सुरुवात केली, "नमस्कार. आपणांस कळविण्यात येते की..."

फोन बंद झाला.

परत लावला. दुकानदार म्हणाला, "ती म्हणते मशीन बोलतंय."

साहेबांनी कागद बाजूला ठेवला. फोन जवळ ओढला.

"हिराबाई, ठेवू नका," ते म्हणाले. "मी माणूस बोलतोय."

पलीकडे बाजाराचा गलका. त्या गलक्यात साहेबांनी सगळं सांगितलं. कागदाकडे न बघता. पहिल्या दोन रिंगा कोणाच्या, दोन्ही वेळा तो कसा धावत आला, मुकादम काय म्हणाला.

मग तिचा आवाज आला. "त्यो हाय का तिथं?"

"आहे. समोर उभा आहे."

"त्याला सांगा, त्या दिशी आईनं येकच रिंग द्यायला सांगितली व्हती. पोराचं काम जाईल म्हनली. दोन म्या दिल्या."