नसलेल्या गावाची सभा

आमच्या सोसायटीच्या मागे टेकडी आहे आणि टेकडीच्या पलीकडच्या उतारावर गावाची देवराई होती. होती असं म्हणायची जिभेला अजून सवय झालेली नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. शेवटी काय झालं ते लपवून गोष्ट रंगवण्याइतका उत्साह माझ्यात उरलेला नाही.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर कसबा पेठेतली जागा विकून इथे राहायला आले. कसब्यात खिडकी उघडली की समोरच्यांच्या फोडणीचा ठसका लागायचा. इथे खिडकी उघडली की टेकडी दिसेल असं बिल्डरनं सांगितलं होतं आणि नवल म्हणजे ते खरं निघालं. बाकी त्यानं सांगितलेलं काहीच खरं निघालं नाही, पण तो वेगळा विषय.

पहिल्यांदा राईत गेले तेव्हा मला ती राई आहे हेच ठाऊक नव्हतं. टेकडीच्या माथ्यावर सगळं बोडकं गवत, आणि पलीकडे उतरलं की एकदम गारवा. जांभळी, उंबर, करंज, आणि मधोमध दोघांच्या कवेत न मावणारा बेहडा. त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड. मी थोडा वेळ बसले, खाली पडलेली बेहड्याची दोन फळं गंमत म्हणून मुठीत घेतली आणि निघाले. वाटेवर एक नऊवारीतली बाई उभी होती. माझ्याच वयाची, पण माझ्यापेक्षा ताठ.

"पदर झटका," ती म्हणाली.

"मी पंजाबी ड्रेस घातलाय. पदर कुठला?"

"मग वढणी झटका. आन् मुठीतलं ठिवा खाली."

मला राग आला. कोण कुठली बाई, आणि मला शाळेतल्या पोरीसारखी उभी करते. पण ती वाटेतून हलेना, तेव्हा फळं ठेवली आणि ओढणी झटकली. केसात अडकलेलं एक पान तिनं स्वतः काढलं आणि आत टाकलं. राईतलं काही घरी न्यायचं नाही, वाळकी काडीसुद्धा नाही. जांभूळ खायचं तर तिथेच खायचं, बी तिथेच थुंकायची, आणि निघताना अंगावरचं झटकून मगच बाहेर पडायचं. देवीचं आहे ते देवीकडे. गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही, लहानपणापासून सगळे झटकतात.

ती बाई म्हणजे आक्का. सगळा गाव तिला आक्काच म्हणतो, म्हणून मीही म्हणू लागले. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी तिच्या सासरची ज्वारी. आणि ती त्या गावची शेवटची सरपंच. शेवटची अशासाठी, की तिच्यानंतर गावच राहिलं नाही. ते महापालिकेच्या हद्दीत गेलं.

नेलं म्हणावं तर तसंही नाही. गावानं स्वतः मागून घेतलं. उन्हाळ्यात विहिरी आटायच्या आणि ओढ्यापलीकडच्या हद्दीत लोकांच्या घरात नळ दिसायचे. ओढ्याच्या अलीकडे हंडे, पलीकडे नळ. मग गावात एकच धोशा सुरू झाला, की आम्हालाही शहरात घ्या. आक्कानंच ग्रामसभा बोलावली. म्हाताऱ्यांचा एकच अडसर होता. गाव शहरात गेलं तर राईचं काय? आजवर तिची राखण सभा करत होती, उद्या कोण करणार? तेव्हा आक्का उभी राहिली आणि म्हणाली, राईचं मी बघते. सरकारकडून तिला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करून घेऊ, म्हणजे कुणाची कुऱ्हाड चालणार नाही. राईला काही झालं तर मला जाब विचारा. तिच्या त्या शब्दावर सगळ्यांचे हात वर गेले. हे तिनंच मला सांगितलं, आणि एकदा नाही, फार वेळा सांगितलं. दर वेळी शेवटचं वाक्य सांगताना ती माझ्याकडे न बघता टेकडीकडे बघायची.

राईचा प्रस्ताव सरकारकडे गेला आणि गाव हद्दीत गेलं. पंचायतीच्या कचेरीला कुलूप लागलं, पाटी उतरली. ग्रामसभा कायद्यानं संपली. नळ काही आले नाहीत, टँकर मात्र तसाच येत राहिला, फक्त त्याच्यावरची अक्षरं बदलली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. नगरसेवकाकडे जावं तर त्या काळात महापालिकेत निवडून आलेलं कुणी नव्हतंच, होते ते प्रशासक. म्हणजे गाव गेलं, आणि ज्या शहरात गेलं तिथे ठोठावायला दारही नव्हतं.

तरी आक्कानं सभा चालू ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी गुरव देवळाच्या भोंग्यावरून पुकारायचा, आणि मारुतीच्या पारावर पाच-पन्नास माणसं जमायची. बायका पुढे, बाप्ये मागे. विषय वाचला जायचा, हात वर व्हायचे, आणि सगळे मोजून होईपर्यंत कुणी हात खाली घ्यायचा नाही, हा तिथला नियम. म्हातारे डाव्या हातानं उजव्याला टेकू द्यायचे, पण खाली नाही घ्यायचे. मी एका कडेला बसून ठराव लिहून द्यायची. अक्षर बरं, आणि शुद्धलेखनाची खोड. हात मात्र वर करायची नाही, कारण मी गावची नव्हते. ते ठराव कचेऱ्यांत जायचे आणि उत्तर येई, की सदर नावाची ग्रामपंचायत अस्तित्वात नाही. गाव करी ते राव न करी म्हणतात. इथे रावाला गावच दिसत नव्हतं.

मग रस्ता आला. म्हणजे आधी नकाशावर आला. टेकडीला वळसा घालून राईतून थेट हमरस्त्याला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. ऑफिसला जायला अर्धा तास वाचणार. मी लिहिलं की राई जाणार, तर सेक्रेटरी, वयानं माझ्या विद्यार्थ्यासारखा, म्हणाला, "मॅडम, नेचर आम्हालाही आवडतं. पण थोडं प्रॅक्टिकल नको का व्हायला?" त्याच्या गॅलरीत सहा कुंड्या आहेत. मी फोन उपडा ठेवला. बोलले असते तर फार बोलले असते.

हरकतींच्या सुनावणीला मी आक्काबरोबर गेले. तिनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं आणि रिक्षाभर काय बोलायचं ते मनातल्या मनात म्हणत होती. आम्हाला सकाळी बोलावलं होतं, नाव पुकारलं ते जेवणाची वेळ टळून गेल्यावर. टेबलामागचे साहेब वाईट नव्हते, दमलेले होते. वर न बघता म्हणाले, "आपण कोण म्हणून हरकत घेताय?"

"गावाकडून," आक्का म्हणाली.

"गाव आता नाही. आपण जमीनमालक आहात का?"

"राई देवीची हाय."

"ती आता महापालिकेकडे वर्ग झालीय. मग व्यक्तिशः नागरिक म्हणून लिहू?"

आक्का माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मी म्हटलं, लिहा. बाहेर आल्यावर ती जिन्यात थांबली. "बाई, म्या गावाचं बोलायला आली व्हती. मला एकटीला काय करायचीय हरकत?" मला तिच्यासाठी रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला, की सगळं आयुष्य भाषा शिकवून मला त्या माणसाला द्यायला एक वाक्य सापडलं नव्हतं.

पुढे राईतल्या झाडांवर लाल खुणा झाल्या. बेहड्याच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडा पडला. आणि एका सकाळी गुरव धावत आला, की राईत माणसं आलीत, करवती घेऊन.

आम्ही गेलो तेव्हा सात-आठ जण बेहड्याखाली बसले होते. चपला त्यांनी वाटेवरच काढून ठेवल्या होत्या, ते मला पहिल्यांदा दिसलं. मुकादम पन्नाशीचा, विदर्भातल्या जंगलाकडचा, पोट भरायला इकडे आलेला. तो उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "देवाची जागा दिसते जी. गावची सभा बसली का?"

आक्कानं विचारलं, "कशासाठी?"

"आमच्याकडे जंगलाचं काही करायचं तर आधी गावसभा बसते. सभा नाही म्हणाली तर कोणी हात नाही लावत. ठेकेदाराजवळ कागद आहे, तो मी पाहिला. पण गाव काय म्हणते जी?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ना साहेबांनी, ना पत्रांनी, ना आमच्या सोसायटीनं. विचारला तो झाडं पाडायला आलेल्या माणसानं. आक्काचा चेहरा मी पाहिला. तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "थांबा. सभा बसवते."

भोंगा वाजला. कामाचा दिवस होता, तरी माणसं आली. मार्केट यार्डातून माल टाकून परतलेला एक जण टेम्पोसकट आला. पार भरला. मुकादम आणि त्याची माणसं मागे उभी राहिली. आक्कानं विषय सांगितला. राईला हात लावू द्यायचा का? नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा. हात वर गेले. ती मोजायला लागली आणि मध्येच थांबून मला म्हणाली, "बाई, तुम्हीबी करा. हितंच ऱ्हाताय न्हवं?" मी हात वर केला. दंडाला कळ लागली तरी तिचं मोजून होईपर्यंत खाली घेतला नाही. खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं की आता काहीतरी होईल. इतके हात वर असताना काही होणार नाही असं कसं होईल?

मुकादम म्हणाला, "झालं जी. नाही म्हणजे नाही." त्यानं माणसांना करवती आपल्या गाडीत टाकायला लावल्या. राईतली आपली शिदोरी घ्यायला गेला, तेव्हा आम्हीही बरोबर गेलो. बाहेर पडताना आक्कानं पदर झटकला तो त्यानं पाहिला आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून झटकला. फोनवर ठेकेदार ओरडत होता, ते आम्हाला दोन हातांवरून ऐकू येत होतं. तो फक्त "हो जी, नाही जी" करत राहिला.

त्या दिवशी राईत एक फांदी पडली नाही. गावानं देवळात नारळ फोडला, मला खोबरं दिलं.

दुसऱ्या दिवशी दुसरी माणसं आली, मशीन घेऊन, सोबत पोलिसांची गाडी. त्यांना कुणी वाटेत उतरून काही विचारायला सांगितलं नव्हतं. आम्हाला दोरीच्या अलीकडे उभं केलं. एक तरुण पोलीस मला हळूच म्हणाला, "आजी, उन्हात नका थांबू." बेहडा पडला तेव्हा जमीन हलली असं लोक म्हणतात. मला तसं काही जाणवलं नाही. मला एवढंच दिसलं, की मागच्या टेकडीवरचं बोडकं गवत तिथून प्रथमच दिसायला लागलं. धनेशाची एक जोडी बराच वेळ वर घिरट्या घालत होती, बसायला जागा शोधत. ट्रक भरून निघाले. त्यांनी काही झटकलं नाही.

पंधरवड्यानं पत्र आलं. संवर्धन राखीव क्षेत्राचा आपला प्रस्ताव विचाराधीन आहे, स्थळपाहणी करण्यात येईल. बैल गेला आणि झोपा केला. मी ते आक्काला वाचून दाखवलं नाही.

महिन्याचा पहिला रविवार आला तेव्हा गुरवानं सवयीनं पुकारलं. सभा होईल असं मला वाटलं नव्हतं, पण माणसं जमली. देवीचा दगड ठेकेदारानं रस्त्याकडेला सिमेंटच्या ओट्यावर बसवून दिला होता. आक्का नेहमीच्या जागी बसली. विषयाचा कागद नव्हता.

"म्या सबूद दिला व्हता," ती म्हणाली. "राईला काय झालं तर मला जाब इचारा, म्हणाले व्हते. माझ्याच सबदावर हात वर केलं तुमी. आता इचारा."

पुढच्या बायका फरशीकडे बघत बसल्या. त्यांना तिचा राग नव्हता, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. ती वाट बघत होती. कुणीतरी एकानं उठून बोलावं, शिव्या द्याव्यात, तूच आम्हाला शहरात लोटलंस म्हणावं. मागून एक म्हातारा खाकरला.

"आक्का, उद्याचा टँकर वरच्या आळीला आधी येनार का खालच्या?"

"वरच्या," आक्का म्हणाली. "खालच्या आळीला काल आला व्हता."

माणसं उठली, चपला घालून एकेक करून गेली. पारावर आम्ही दोघीच उरलो. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमी तरी इचारा."

आयुष्यभर मी वर्गातल्या पोरांना प्रश्न विचारत आले. मला तिला काही विचारता आलं नाही.