शंभर टक्के हजर

दुर्गेश्वरी राहांगडालेचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला बी.एस्सी. होऊन तीन वर्षं झाली होती. मी तिला रसायनशास्त्र शिकवलं होतं. मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, म्हणजे तास असेल तर प्राध्यापक आणि नसेल तर गोंदियाजवळ फुलचूरला भाड्याच्या खोलीत राहणारा एक माणूस. कोरोनाच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्याच खोलीत मोबाईल डब्याला टेकवून मी शिकवायचो. पलीकडे नुसते काळे चौकोन. कुणाचा माइक चुकून सुरू झाला तर कोंबडा आरवायचा, नाहीतर कुणी कुणाला जेवायला हाक मारायचं. तेवढीच काय ती जाग.

त्या चौकोनांतले पाच मात्र माझे लाडके होते. गोरेगाव तालुक्यातल्या एकाच गावचे, दुर्गेश्वरी, ओमेश्वरी, हेमेंद्र आणि आणखी दोघं. तास सुरू झाला की मिनिटभरात पाचांचं ‘हजर सर’ यायचं, संपला की पाचांचं ‘धन्यवाद सर’. घरात वायफाय असलेली गोंदियातली पोरं दांड्या मारायची आणि ही खेड्यातली पोरं सबंध सत्र शंभर टक्के हजर. पुढे त्यांची बॅच ऑनलाइनच पास होऊन गेली, आणि कॉलेज उघडल्यावर मी स्टाफरूममध्ये त्यांचं कौतुक सांगून सांगून लोकांना वीट आणला.

त्याच वर्षी मी एक शोधनिबंध लिहिला. विषय, ऑनलाइन शिक्षणाकडे पाहण्याचा विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन. कायम व्हायचं तर निबंध लागतात, त्यात विशेष काही नाही. मुलांना प्रश्नावली पाठवली. ‘ऑनलाइन तासांमुळे विषय नीट समजतो’ असं वाक्य आणि पुढे ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच पर्याय. शहरातल्या मुलांनी वाट्टेल ते भरलं. या पाचांनी प्रत्येक वाक्यापुढे ‘पूर्णतः सहमत’ भरलं. ग्रामीण विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन अत्यंत सकारात्मक असल्याचा निष्कर्ष मी काढला. निबंध छापून आला. त्याचं प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर अजून आहे.

यंदा जूनमध्ये गोंदियातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली. संस्थेचे सचिव चुन्नीलालजी, त्यांची राइस मिल आहे. मुलाखतीला त्यांच्या शेजारी विषयाचा जाणकार म्हणून मला बसवलं होतं. दुसरं नाव दुर्गेश्वरीचं निघालं.

आली ती एक सावळी, काटक मुलगी. हातात प्लास्टिकची फाइल. मला पाहून हसलीबिसली नाही, नुसती मान हलवली.

“कोरोना बैच है ना, बेटा?” चुन्नीलालजींनी विचारलं.

“हो जी.”

“सध्या काय करतेस?” मी विचारलं.

“घरी शेती हाय, ते करतो. चार कॉलेजांत जाऊन आली, सर. कोरोना बॅच म्हटलं का फाइल खाली ठेवतेत. येथे तुमचं नाव दिसलं म्हणून आली. मी हजर होती, हे तुमाले माहीत हाय.”

हे ती विनवणीच्या सुरात म्हणाली नाही. घराचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. पण मला समजलं की ही पाचवी जागा आहे, आणि तिच्या पदवीचा या जिल्ह्यात एकच साक्षीदार आहे, तो म्हणजे मी. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच वाटलं.

मी प्रश्न विचारले. समीकरणं, नॉर्मॅलिटी, फिनॉल्फथॅलिनचा रंग. तिने सगळी उत्तरं धडाधड दिली. मी चुन्नीलालजींकडे मोठ्या तोऱ्यात पाहिलं. ते म्हणाले, “जबानी तो ठीक है. कुछ करके दिखाओ.”

प्रयोगशाळेत मी तिला साधं टायट्रेशन करायला सांगितलं, म्हणजे रंग टिकेपर्यंत आम्लात थेंब थेंब सोडा मोजून घालायचा. स्टँडला लावलेली ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली काचेची लांब नळी, तिने आधी काढून घेतली. रोवणीला, म्हणजे भातलावणीला, धानाची पेंढी धरतात तशी मुठीत धरली. कॉस्टिक सोड्याची बाटली उचलली आणि वरून ओतायला लागली. तोटी उघडीच होती. सोडा टेबलावरून जमिनीवर गळत राहिला. ती गळणाऱ्या धारेकडे बघत उभी राहिली. तोटी बंद करायची असते, हेच तिला माहीत नव्हतं.

“तिला हात धुवायला सांगा,” चुन्नीलालजी म्हणाले.

मी भडकलो. तिच्यावर की त्यांच्यासमोर माझी शोभा झाली म्हणून, ते आता सांगता येणार नाही. “हा प्रयोग मी शिकवला होता. तू हजर होतीस. माझ्या यादीत आहे.”

“हजर होती, सर. पण तो दिवस ओमेश्वरीचा होता.”

“म्हणजे?”

हात धूत तिने सांगितलं. त्या साली मजूर मिळत नव्हते. गावातल्या पाच घरांनी मिळून रोवणी केली, आज तुमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात सगळे, उद्या आमच्या. पण रेंज फक्त तलावाच्या उंच बांधावर मिळायची. मग रोज एकाने तिथं छत्री लावून पाचही फोन घेऊन बसायचं आणि पाचांची हजेरी भरायची. बाकी चौघं चिखलात. बांधावर बसलेल्याचा दिवस रोवणीतच धरायचे, घरच्यांनीच तसं ठरवलं होतं. पाच घरांची रोवणी झाली तशीच पाचांची पदवी झाली.

“तुमचा तो प्रश्नायचा कागद बी हेमेंद्रनं भरला, सर. पाचायचा.”

“मग मला काऊन नाही सांगितलं?” मीही नकळत तिच्याच बोलीत बोललो.

“यात सांगाचं काय होतं? एकाचं काम दुसऱ्यानं केलं तं ते होतेच ना.”

“ओमेश्वरीला तरी येतं का हे?”

“नाही. ते म्हणे, सर व्हिडिओ लावून गेले, मंग कोणीच बोलून नाही राह्यलं. लय वेळ तिनं वाट पाह्यली. मंग पाचायचं ‘धन्यवाद सर’ टाकून घरी आली.”

तो तास मला आठवत होता. प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ कुठल्यातरी परदेशी कॉलेजचा होता. तो लावून मी जेवायला बसलो, जेवून आडवा झालो आणि मला झोप लागली. हे मी तिला सांगितलं नाही. लाजही वाटली नाही, हे जास्त वाईट.

मी कागदावर ‘प्रात्यक्षिक असमाधानकारक’ लिहिलं आणि तो चुन्नीलालजींकडे दिला. ते कागद घेऊन ऑफिसात गेले. नोकरी हुकली हे तिने पाहिलं होतं. तरी ती उभीच होती.

“सर, एकदा करून पाहू?”

“आता त्याचा उपयोग नाही.”

“माहीत हाय.”

मी ब्युरेट स्टँडला लावली, तोटी बंद केली, वर नरसाळं ठेवलं. खाली फ्लास्कमध्ये आम्ल आणि फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब. “डाव्या हाताने तोटी, उजव्याने फ्लास्क हलवत राहा,” मी म्हणालो. एवढं शिकवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तिचा हात पक्का होता. थेंब थेंब सोडा पडत राहिला. गुलाबी रंग आला आणि गेला, आला आणि गेला. मग एका थेंबाला सगळा फ्लास्क फिकट गुलाबी झाला आणि तसाच राहिला. तिने तोटी बंद केली. फ्लास्क खिडकीकडे धरून पाहिला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“इतकंच होतं का, सर?”

“हो,” मी म्हणालो. “इतकंच होतं.”

तिने फ्लास्क धुतला, फडक्यावर पालथा घातला आणि फाइल उचलली. गोरेगावची बस कुठून मिळते, एवढंच तिने जाताना विचारलं.