क्रूझला निघताना धपाटी किती घ्यावीत?

गेली वीसेक वर्षं मी कळंबच्या एका शाळेत भूगोल शिकवते. भरती-ओहोटी, खारे वारे, मतलई वारे, सगळं फळ्यावर. समुद्र आमच्यापासून इतका लांब की माझं काही चुकलं तरी पकडणारं कोणी नाही. त्यामुळे पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं दिवाळीत "आई, तुला कुठं जायचंय?" असं विचारल्यावर मी "क्रूझ" म्हणाले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाईंना एकदाचा समुद्र बघायचाय. मीही तसं वाटू दिलं. खरं कारण जहाजाच्या माहितीत होतं. तिथं लिहिलं होतं, "सर्व जेवण समाविष्ट."

आमच्याकडे सहल म्हणजे काय असतं ते सांगायला हवं. भाड्याची जीप, टपावर गॅसची शेगडी, डिकीत शिधा आणि मागच्या सीटवर बायका. तिरुपती झालं, म्हैसूर झालं. पुरुष मंडळी दर्शनाची रांग बघायला जातात, आम्ही नळ कुठं आहे ते बघतो. म्हैसूरच्या राजवाड्याबद्दल मला विचाराल तर मी एवढंच सांगेन की आम्ही उतरलो त्या धर्मशाळेत पाण्याला दाब चांगला होता. चार दिवस दुसऱ्या कुणी शिजवलेलं, दुसऱ्या कुणी वाढलेलं खायचं आणि ताट तिथंच ठेवून उठायचं, एवढंच मला हवं होतं. समुद्र नसता तरी चाललं असतं.

जाणारे आम्ही तिघं. मी, हे आणि आत्या. ह्यांचं बाजारात बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आजवर एकाही सहलीला आल्या नव्हत्या, कारण त्यांना बाहेरचं चालत नाही. लग्न असो, जत्रा असो, आत्या घरी. मग निघण्याआधी मी त्यांच्यापुरतं करून ठेवायचं आणि त्यानंतर आपल्या शिध्याला लागायचं. या वेळी नातवानं न विचारताच तीन तिकिटं काढली, त्यामुळे त्यांची सुटका नव्हती.

आता पॅकिंग. त्याची माहिती हवी म्हणूनच तुम्ही इथवर आला असाल. मुलानं फोनवर सांगितलं होतं, हलके कपडे, एखादा गरम कपडा, आधार कार्ड, उलटीची गोळी, बस्स. आणि एका संध्याकाळी जहाजावर सगळ्यांनी पांढरं घालायचं असतं, तेवढं घ्या. हे मी आत्यांना सांगितलं.

"पांढरं?" त्या म्हणाल्या. "कुणाच्या मातीला चाललाव का?"

ह्यांचा पांढरा सदरा होताच. तो घालून आरशासमोर उभे राहिले तर पंचायत समितीला उभे असल्यासारखे दिसले, आणि ते त्यांना आवडलं असावं, कारण मग त्यांनी पॅकिंगची सूत्रं हातात घेतली. आधी आला एक्स्टेन्शन बोर्ड. मग टॉर्च. मग कपडे वाळत घालायला दोरी. मग घरच्या पाण्याचे दोन कॅन, कारण बाहेरचं पाणी बाधतं. ज्या गावात नळाला पाणी यायच्या दिवशी माणसं लग्नाचं आवतण टाळतात, तिथून आम्ही समुद्रावर पाणी घेऊन चाललो होतो. आणि शेवटी ते बोलले, ज्याची मला धास्ती होती.

"आईच्या खाण्याचं काय करणार तू?"

"अहो, जहाजावर सगळं मिळतं. शाकाहारी वेगळं असतं."

"ते बाहेरचंच की. आईला बाहेरचं चालत नाही, माहीत नाही का तुला?"

आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. होय नाही की नाही नाही. मी त्यांचं गप्प बसणं ही संमती धरली आणि पीठ काढलं. माणशी चार धपाटी, चार दिवस, वर कुणी वाटेत भेटलं तर, असा हिशोब आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि तो कधीही वीस-पंचवीसवर थांबत नाही. धपाटी झाली, कडक भाकरी झाली, शेंगाची चटणी झाली. ज्या सुट्टीत स्वयंपाक करायचा नव्हता, त्या सुट्टीचा सगळा स्वयंपाक मी निघण्याआधीच करून मोकळी झाले.

तशात तेरखेड्याहून वन्सं आल्या, वाटेला लावायला. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला रिकाम्या हातानं भेटायचं नाही, आणि भेटीला आलेलं नाकारायचं नाही, ही आमची रीत. वन्संनी डिंकाचे लाडू आणले आणि तेरखेड्याचे फटाके नावाजलेले म्हणून फुलबाज्यांची दोन पाकिटं. "बोटीवर लावा, फोटू चांगले येतील." त्या गेल्यावर फुलबाज्या मी कपाटात ठेवल्या. वाचकांनो, फटाके रेल्वेतही चालत नाहीत, मग जहाजाचं सोडाच. लाडू मात्र बॅगेत गेले आणि त्यांना जागा करायला माझा नवा कुर्ता आणि वाचायला घेतलेलं जाडजूड पुस्तक बाहेर आलं. बॅग उचलून बघितली. तिच्यात माझ्या वस्तू म्हणजे एक साडी, कंगवा आणि टूथब्रश.

कळंबहून धाराशिवला जाताना वेळ हातचा राखून निघा. उसाचे दिवस असतील तर ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून रस्त्याच्या मधोमध चालतात आणि त्यांना ओलांडायला धीर लागतो. धाराशिव स्टेशनवरून मुंबईची गाडी मिळते, जागा आधी धरून ठेवा. सकाळी मुंबईत उतरलात की क्रूझचा धक्का टॅक्सीनं अगदी जवळ आहे. इतका जवळ की टॅक्सीवाला आधी यायलाच तयार होत नाही. आमचा तयार झाला, पण पाण्याचे कॅन बघून त्यानं विचारलं, "टँकर लाए हो क्या?"

धक्क्यावर विमानतळासारखी तपासणी. आमची बॅग यंत्रातून गेली आणि थांबली. गणवेशातल्या एका मुलीनं ती उघडायला लावली. आधी एक्स्टेन्शन बोर्ड काढला, तो चालत नाही म्हणे. मग कॅन. मग तिनं पंच्यात बांधलेली धपाटी सोडली.

"काकू, हे आत नेता येणार नाही. बाहेरचं खाणं बंद आहे."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातच्या धपाट्यांना कुणी बाहेरचं म्हटलं.

हे पुढं सरसावले. "मॅडम, आमच्या आईला बाहेरचं चालत नाही."

"आम्हालाही चालत नाही, काका," ती म्हणाली.

ह्यांनी सगळं उचललं आणि फाटकाबाहेर हमाल बसले होते त्यांना देऊन आले. परत आले तेव्हा चेहरा पडला होता. "चटणी अजून आहे का, असं विचारत होते," म्हणाले. मी वरून हळहळले आणि आतून उड्या मारल्या, हे कबूल करते. पण आत्यांकडे बघितलं आणि ती उडी मध्येच राहिली. सत्तरी ओलांडलेली बाई चार दिवस उपाशी राहणार होती आणि घरी गेल्यावर भावकीत सगळे म्हणणार होते, सुनेला समुद्र बघायचा होता ना. म्हणजे आता जहाजाच्या भटारखान्यात शिरून ज्वारीचं पीठ आहे का विचारायचं होतं. माझी सुट्टी धक्क्यावरच संपली होती.

जहाज कसं आहे? आमच्या तहसील कचेरीसारख्या दहा कचेऱ्या एकमेकींवर ठेवल्या आणि त्यांना लिफ्ट बसवली तर जेवढं होईल तेवढं. खोली लहान, पण नेटकी. पंख्याचं बटण शोधू नका, एसीच असतो, आणि तो सोसत नाही म्हणून गरम कपडा लागतोच. दुपारी जेवायला गेलो. आत्यांना खिडकीशी बसवलं. हे भाकरीची चौकशी करायला एका दिशेला आणि मी दुसऱ्या दिशेला. वाढणारे सगळे पुरुष, पांढऱ्या टोप्या घातलेले. भाकरी म्हणजे काय हे त्यातल्या एकाला मी हातांनी थापून दाखवलं, तर त्यानं नम्रपणे पिझ्झा दिला.

तो घेऊन परत आले तर आत्यांसमोर ताट होतं. त्यांनी स्वतः जाऊन आणलेलं. त्यात छोले, नूडल्स, बटाट्याचं काहीतरी पांढरं आणि कडेला केकचे दोन तुकडे.

"ह्या शेवया तिखट बऱ्या लागायल्यात," त्या म्हणाल्या. "ते काय आणलंस? ठीव हितं."

हे दहीभात घेऊन आले आणि उभेच राहिले. "आई, बाधंल तुला."

"बाधू दे. दवाखाना बी हाय म्हनत्यात बोटीवर."

संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांचा कार्यक्रम झाला. हे सदऱ्यात कुणाकुणाशी हात मिळवत फिरले. समुद्र मी पहिल्यांदाच बघितला. मोठा आहे. फळ्यावर मावत नाही, एवढं खरं. पण माझं लक्ष सारखं आत्यांच्या पोटाकडे. रात्रीही त्या व्यवस्थित जेवल्या, सकाळी डोसा दोनदा घेतला, आणि काही म्हणजे काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी जहाज गोव्याला लागलं. उतरून गाव बघायला बसची सोय असते, पैसे वेगळे पडतात, नाव आदल्या दिवशी द्या. आमची तिघांची नावं होती. निघायच्या वेळी आत्या पलंगावर आडव्या झाल्या. "मला गरगरायलंय. तुमी जाऊन या."

"हिला थांबू दे तुझ्याजवळ," ह्यांनी परस्पर ठरवलं. मला रडू यायचं बाकी होतं. झालं सुरू, म्हटलं. लिंबू कुठून आणू, साखर कुठून आणू, असा विचार करत दार लावून वळले, तर आत्या उठून बसल्या होत्या.

"गेला?"

"गेले."

"मग बस खाली. त्या फोनवर चहा सांग. सोबत कायतरी खायला बी सांग."

चहा आला. एक माणूस ट्रे घेऊन आला, कपात ओतून देऊन गेला. आत्या खिडकीतून पाणी बघत प्यायल्या आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला समदं चालतंय. पयल्यापासून."

मला आधी कळलंच नाही.

"लग्नाला न्हाय आले, जत्रंला न्हाय आले. बाहेरचं चालत न्हाय म्हनलं की कुणी आग्रेव करत न्हाय. समदे जीपमधी बसून गेले की घर गप. म्या दार लावायची आन् लोळायची. दुपारी. पाय ताणून. वर्सातून तेवडंच."

"आणि तुमच्यासाठी म्हणून मी आदल्या दिवशी जागून करून ठेवायचे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, आणि चढू दिला. "तुमच्या सुट्टीचा स्वयंपाक मी करत होते, आत्या."

"व्हय," त्या म्हणाल्या. "आन् माझ्या सासूच्या सुट्टीचा म्या केला."

मला राग आला होता, खूप आला होता, आणि त्याच वेळी हसूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की काय करायचं ते भूगोलात नसतं. आत्यांनी त्यांच्या बशीतलं बिस्किट माझ्या बशीत ठेवलं. दुपारभर आम्ही दोघी दोन पलंगांवर पडून होतो. गोवा मी बघितला नाही, तेव्हा त्याबद्दल मला विचारू नका.

परत आलो. हे महिनाभर दुकानात सांगत होते की जहाजावर जेवणाची जरा आबाळच होते, पण आईनं निभावून नेलं. मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, धपाटी एकही घेऊ नका. दोरी नको, बोर्ड नको, पाणी नको. गोळी घ्या, शाल घ्या, आपल्या आवडीचं काहीतरी एक घ्या आणि ते कुणी बाहेर काढलं तर परत आत घाला. आणि सगळ्यात आधी, ज्याच्यासाठी म्हणून बॅग भरताय त्याला एकदा विचारा.

एवढ्यावर पोस्ट संपवणार होते, पण गेल्या रविवारी तेरला ह्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मी रिवाजाप्रमाणे आदल्या संध्याकाळी आत्यांच्या भाजीसाठी पातेलं काढलं, तर त्यांनी ते परत मांडणीवर ठेवून दिलं. सकाळी जीप दारात आली तेव्हा त्या इरकली नेसून, पिशवी घेऊन ओसरीत उभ्या होत्या.

"म्या येणार हाय. हिला ऱ्हाऊ द्या. शाळंचे पेपर तपासायचेत हिला."

तपासायला एकही पेपर नव्हता.

"अगं पण आई, तुझं खाणं?" हे म्हणाले.

"लग्नात काय वाळू वाढत्यात व्हय?"

हे जीपमध्ये जाऊन बसले. आत्या मागं राहिल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला घरात लोटलं, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कुलूप लावलं. "मागचं दार उघडं हाय," फटीतून आवाज आला. मग शेजारणीला मोठ्यानं सांगताना ऐकू आलं, "समदेच चाललोय बरं का, घरी कुणी न्हाय."

जीप गेली. मी पंख्याखाली जमिनीवरच आडवी झाले, पाय ताणून. थोड्या वेळानं दारात कुणीतरी आलं, ह्यांना हाक मारली, कुलूप हलवून बघितलं आणि निघून गेलं. मी कूस बदलली.