बुडालेल्या जहाजाचं नाणं

दुष्काळातली ही केस. इतकी वर्षं झाली, पण ती माझ्या मनातून गेलेली नाही.

पाथर्डी तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. एका दुपारी बाजारातले सराफ चांदीचं परदेशी नाणं घेऊन आले. त्यावर शिडांचं जुनं जहाज कोरलेलं, वर गळ्यात घालायची कडी.

"एकजण वितळवायला देऊन गेलाय," सराफ म्हणाले. "पण ही कडी मीच बसवली होती. त्या बेपत्ता खलाशाला."

तो खलाशी परदेशी बोटींवर कामाला होता. सुट्टीवर गावी आला आणि चार महिन्यांपूर्वी नाहीसा झाला. बायको तक्रार द्यायला आली, पण धाकटा भाऊ म्हणाला, दादा बोटीवर परत गेला. मी बेपत्ता अशी नोंद करून कागद बाजूला ठेवला होता.

मी ते नाणं खलाशाच्या बायकोला दाखवलं.

"आंघोळीलाबी काढत नव्हते. म्हनायचे, हे जहाज समद्या मानसांसकट बुडालं, एकाचंबी प्रेत घावलं न्हाई. म्हनून तिकडच्या सरकारनं त्याच्या आठवनीचं नानं काढलं."

वितळवायला देणारा तो धाकटा भाऊच निघाला. त्याला ठाण्यात आणलं. नाणं टेबलावर ठेवून मी विचारपूस सुरू केली. "दादानं जाताना दिलं," एवढंच तो शांतपणे सांगत राहिला. मात्र मधूनमधून हात पुढे करून नाणं पालथं घालायचा. मी परत जहाज वर करायचो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "साहेब, पालथंच राहू द्या. पान्याचा आवाज येतोय."

ठाण्यातला रांजणसुद्धा कोरडा होता. तरी माझ्या हवालदाराने कान दिल्यासारखी मान वळवली.

"कुठल्या पाण्याचा?" मी विचारलं.

मला त्याच्या मळ्यातली विहीर आठवली. पहिल्या चौकशीला गेलो तेव्हा तो ती दगडमातीने बुजवत होता. आटलीय, जनावर पडेल, म्हणाला होता. सारा तालुका विहिरी खोल करत होता. हा एकटा बुजवत होता, आणि मी तिथे उभा राहून त्याचा चहा प्यालो होतो.

"विहीर उकरायला लावू?"

त्याने नाण्यावर तळहात दाबला. मग म्हणाला, "दादा जमिनीची वाटनी मागत हुता."

पंचांसमक्ष तीन दिवस उकरल्यावर प्रेत सापडलं. ते वर घेतलं आणि त्याच जागी पाणी लागलं. गावात दुसरीकडे थेंब नव्हता. काठावर बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. एकीनेही पोहरा सोडला नाही.

भावाला जन्मठेप झाली. हवालदाराने त्या दिवशी काय ऐकलं, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

पण मला शिकवलं ते त्या बाईने. तक्रार द्यायला आली तेव्हाच ती म्हणाली होती, "त्येंची पेटी घरातच हाय, साहेब." बोटीवर जाणारा माणूस पेटी मागे ठेवून जात नाही. तिला ते कळत होतं. मी ते वाक्य जबाबात लिहूनच घेतलं नव्हतं.