आधी तोंड बघ

"आधी तोंड बघ, मग भाव विचार."

असं म्हणत मावशी अंगठ्याने माशाचा कल्ला उचलायच्या आणि आतला ताज्या माशाचा लालभडक रंग गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायच्या. नवखं गिऱ्हाईक दचकून मागे सरकायचं. मावशींना ते मनापासून आवडायचं. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात शिरलं की डाव्या हाताला त्यांचा ओटा. केसांत अबोलीचा गजरा, तोंडाला पावडर, थाट असा की इथून थेट लग्नाला जायचं आहे. तुम्ही पुण्यात राहून मासे खाणारे असाल, तर अशी एखादी मावशी तुमच्याही वाट्याला आली असेल आणि तिची बोलणीही तुम्ही खाल्ली असतील.

मी मूळचा भंडाऱ्याचा. हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून पुण्यात आलो. पहिल्याच रविवारी मावशींसमोर उभं राहून, आमच्याकडचे तलावाचे मासे कसे गोड असतात, हे सांगायची दुर्बुद्धी मला झाली.

"तलावाचा?" मावशी म्हणाल्या. "तो पोहतो तरी का, की बसूनच असतो?"

शेजारच्या ओट्यावरची बाई खो खो हसली. त्या दिवसापासून मी 'तलाववाले' झालो. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, आणि माझ्याकडूनही त्यांचं विचारायचं राहूनच गेलं.

कोणी काय न्यायचं, हे मावशी ठरवत. एक प्राध्यापकीणबाई बांगडा मागायला लागल्या की मावशी पाटीवर हात ठेवत. "बाई, बांगड्याच्या वाटेला जाऊ नका. मागल्या वेळी कालवणाचं काय केलंत, ते तुम्हीच सांगितलंत ना?" बाई निमूटपणे मांदेली घेऊन जात. गिऱ्हाइकाचा पाणउतारा करणं हा पुण्यातल्या जुन्या दुकानदारांचा खास हक्क. मावशींनी कोकणातून येऊन तो मिळवला होता, ही काही साधी गोष्ट नव्हे.

त्यांच्या उजव्या हाताला एक वेगळी पाटी असे. बाकीची मासळी व्यापाऱ्याकडून घेतलेली, ही मात्र 'आमच्या बोटीची'. धाकटा भाऊ गावी खाडीच्या तोंडाशी छोटी बोट चालवायचा. मासळी बर्फात घालून ताम्हिणी घाटातून पहाटे टेम्पोने यायची. आईवडील लवकर गेले, त्या भावाला मावशींनीच वाढवलं होतं. त्याच्याविषयी बोलताना त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. पेठेतला एक हॉटेलवाला त्या पाटीतले बरेचसे मासे रोज उचलायचा. "तो हाय म्हणून बोटीत डिझेल हाय," मावशी म्हणत.

पावसाळ्यात बोटी बंद. इतर ओट्यांवर कुठून कुठून ओली मासळी यायची, पण मावशी नारळी पौर्णिमेपर्यंत फक्त सुकट आणि सुके बोंबील विकत. अशाच एका पावसाळ्यात माझ्या बायकोला दिवस गेले होते आणि तिला पापलेटशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. मी मावशींकडे गेलो, म्हटलं, तुमच्या ओळखीने कुठून तरी एक मिळवून द्या.

"दर्यातली मासळी पोटुशी हाय, तुझ्या घरातलीपण पोटुशी हाय," मावशी म्हणाल्या. "मी कोणाचं ऐकू?"

त्यांनी माझ्या पिशवीत सुकट कोंबली आणि मला हाकलून दिलं. मला रागच आला. तुम्हालाही आला असता.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या, आणि एका सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. दारात मावशी. गजरा, पावडर, हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं एक पापलेट. मला बाजूला सारून त्या थेट आत गेल्या. बायकोच्या समोर बसल्या आणि अंगठ्याने कल्ला उचलून म्हणाल्या, "तोंड बघ गो. आमच्या बोटीचा पहिला मासा. पहिला पोटुशीच्या घरी." पैसे काढले तर माझ्यावरच डोळे वटारले. तेव्हापासून त्यांच्या लेखी आमचं घर म्हणजे 'पोटुशीचं घर'. मुलगी झाली, चालायला लागली, शाळेत जायला लागली, तरी नाव तेच. दर वर्षी पहिलं पापलेट आमच्याकडे यायचं.

मग मॉल आले. तिथे काचेच्या पेटीत परदेशातून आलेला गोठवलेला मासा मिळायला लागला. पांढरा, काटे नसलेला, डोकं शेपूट काही नसलेला, आणि स्वस्त. आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये शुक्रवारी तोच असायचा. पूर्वेकडच्या देशांशी व्यापाराचा करार झालाय, आता तिकडचा माल कमी जकातीत येणार, असं पेपरात वाचलं होतं. मी ते मावशींना सांगितलं.

"करार कोणी केला?"

"सरकारने."

"बोटवाल्यांना विचारलं?"

"नसेल विचारलं."

"सोयरीक ठरवतानासुद्धा पोरीला विचारतात रे हल्ली," मावशी म्हणाल्या. आणि लगेच हात झटकला. "जाऊ दे. काटा नाय त्याला चव नाय. दोन महिने खातील आणि माझ्याकडेच येतील."

मावशींचा अंदाज साफ चुकला. लोकांना ते आवडलं. मुलांच्या घशात काटा अडकायची भीती नाही, घरात वास नाही, कापायची कटकट नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या मुलीलाही तेच आवडायचं. हॉटेलवाल्याने आधी अर्धी पाटी कमी केली, मग एक दिवस पूर्णच बंद केली. "कंपनीतली पोरं काटे काढत बसत नाहीत, मावशी," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही हॉटेल चालवायचं होतं. पण ती पाटी बंद झाली, आणि मावशींच्या भावाची बोट चार दिवस समुद्रावर तर चार दिवस किनाऱ्यावर असं सुरू झालं.

त्या पावसाळ्यात मी नेहमीप्रमाणे सुकट आणायला गेलो. मावशींच्या ओट्यावर बर्फ होता. बर्फावर तेच पांढरे तुकडे. त्यांनीच आपणहून सांगितलं, "बोटीचं इंजिन गेलंय. पौर्णिमेच्या आत दुरुस्त नाय झालं, तर बोट विकावी लागणार. हे विकून बघते."

तेवढ्यात गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली एक मुलगी आली. तिने अर्धा किलो मागितला. मावशींनी सवयीने एक तुकडा उचलला, तिच्या नाकासमोर धरला, "आधी तोंड" एवढं म्हणाल्या, आणि त्यांचा अंगठा त्या पांढऱ्या मांसावर थोडा पुढे, थोडा मागे सरकून थांबला.

"ह्याला तोंड नाय गो," त्या हळूच म्हणाल्या. "मी काय दाखवू तुला?"

"असू दे मावशी, चालतं," मुलगी म्हणाली. गोड होती बिचारी. मावशींनी वजन करून दिलं आणि पदराला हात पुसले. पुसतच राहिल्या. मला फार वाईट वाटलं. मी सुकट न घेताच घरी आलो.

नारळी पौर्णिमा झाली. बेल काही वाजली नाही. आठवड्याने मी बाजारात गेलो, तर मावशींचा ओटा धुऊन कोरडा ठणठणीत. शेजारच्या बाईने मला हाक मारली.

"तलाववाले, बोट गेली हो त्यांची. मावशी गावी गेल्या, आता नाही यायच्या. भाऊ दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागलाय." मग तिने बर्फातून केळीच्या पानाची एक पुडी काढली. "त्याच्या वाट्याला जे आलं, त्यातलं एक मावशींनी टेम्पोने पाठवलंय. पोटुशीच्या घरी द्या म्हणाल्या."

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती.

मी तिथेच, त्या रिकाम्या ओट्यापाशी पुडी सोडली. मोठं, चंदेरी पापलेट होतं. मी अंगठ्याने कल्ला उचलला. आत लालभडक होतं.

तोंड बघून झालं. भाव विचारायला समोर कोणी नव्हतं.